बिनवायरीचा मान

भिकाजी साठीला आले तरी गाव त्यांना 'धाकले'च म्हणत असे. घरात थोरला हयात असला की धाकल्याने केस पिकवून काही उपयोग होत नाही. थोरले म्हणजे बाबा. शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि देवळातले मानकरी. जत्रेला पहिला नारळ बाबांचा, पालखीला पहिला खांदा बाबांचा, दसऱ्याला सोनं लुटायला पहिला हात बाबांचा. धाकल्यांकडे बाबांच्या चपला. देवळाच्या पायरीशी त्या राखत उभं राहायचं, कुत्र्याने नेऊ नयेत म्हणून. एका जत्रेत कुत्र्याने त्यातली एक नेलीच, तेव्हा गाव म्हणालं, धाकल्यांका एकच काम, तेतूर पण कुत्रो पुढे गेलो.

मालवण तालुक्यात मान ही काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथे माणूस जेवणाशिवाय दोन दिवस काढील, पण प्रसादाचा नारळ दुसऱ्याच्या आधी हातात नाही पडला तर कोर्टात जाईल. आणि मानाची खूण एकच. जे सगळ्यांना मिळतं तो प्रसाद, आणि जे एकट्याला वेगळं मिळतं तो मान. वेगळा पाट, वेगळा नारळ, वेगळं पान. धाकल्यांनी हे लहानपणापासून चपला राखता राखता पाहिलं होतं. आयुष्यात आपल्यालाही एकदा काहीतरी वेगळं मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. देव कधीकधी माणसाची इच्छा अगदी शब्दशः पुरवतो, त्यातली ही गोष्ट.

नोकरी त्यांनी आवाजाची केली. मालवणच्या बंदरावर बोटीची तिकिटं फाडायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात, म्हणजे होडीत, बसून तिच्याकडे जायची. देवगडवाल्यांनी कुठल्या पडावात चढायचं आणि रेडीवाल्यांनी कुठल्या, हे धाकले किनाऱ्यावरून ओरडून सांगत. वाऱ्याच्या उलट दिशेने सुद्धा त्यांची हाक पडावाला पोचायची. लग्न राहून गेलं. बाबांचं झालं होतं, घरात एक झालंय तर दुसऱ्याची काय घाई, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि सगळ्यांत ते स्वतःही होते. मग बोट बंद झाली. पडाव वाळूवर उपडे पडले. धाकले घरी आले ते आवाज घेऊनच आले, आणि वर्षभरात त्या आवाजाच्या जोडीला खोकला आला.

खोकला साधा होता. मालवणच्या डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली आणि विडी सोडा म्हणाले. पण घरातली सून सुगंधा, म्हणजे बाबांचा मुलगा जयराम याची बायको, कुडाळची. तिच्या माहेरी शेजारच्या घरात एकाला क्षय होता, आणि तोही सुरुवातीला साधा खोकलाच म्हणत असे. सुगंधा बोलली काही नाही. ती बोलणारी नव्हतीच, करणारी होती. एका सकाळी घरातल्या सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून चहा आला आणि धाकल्यांना चिनीमातीच्या कपातून. कपावर निळं फूल. मागच्या दाराशी फळीवर तो एकटाच ठेवलेला असे आणि रोज कढत पाण्याने विसळला जाई.

धाकले हरखले. कढत पाण्याने देवाचं ताम्हनसुद्धा कोणी धूत नाही. बाजारात बाबली न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं की सुनेने आपल्याला वेगळा कप केला आहे, कुडाळची सून असली तरी तिला माणसाची किंमत कळते. बाबलीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि वस्तरा चालू ठेवला. बाबली सहसा गप्प राहणारा नव्हता.

कपापाठोपाठ तांब्या वेगळा झाला. मग चटई. मग जेवायला पडवीत वेगळं पान, तिथे वारा असतो म्हणून. धाकल्यांना इतका मान एकदम झेपेना. त्यांचा दिवस पडवीत जाऊ लागला. एक गोष्ट फक्त त्यांना खटकायची. आतल्या माजघरात संध्याकाळी सगळी बसायची आणि हसण्याचा आवाज यायचा. कशाला हसली ते पडवीत पोचायचं नाही. बंदरावर हाक मारणारे हे असायचे, पडावातले लोक ऐकायचे. आता ते उलटं झालं होतं.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात जयराम रजेवर आला. तो परदेशी बोटीवर फिटर होता, आणि येताना टीव्हीचा खेळ घेऊन आला. काळी पेटी, पेटीला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन दांडे. दांड्यांना त्याच्या भाषेत काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण ते घरात टिकलं नाही. माईंनी, म्हणजे बाबांच्या बायकोने, पहिल्याच दिवशी त्याला दांडो म्हटलं आणि तेच चाललं. टीव्हीच्या पडद्यावर दोन बाजूंना दोन पांढऱ्या फळ्या उभ्या राहत, मधून एक ठिपका इकडून तिकडे जाई. दांडा हलवला की फळी वर-खाली होई. ठिपका फळीला लागला तर टुक असा आवाज येऊन परत जाई, चुकला तर गेला.

वायरी आखूड. खेळणाऱ्याला टीव्हीच्या पुढ्यात, चटईवर, मांडीला मांडी लावूनच बसावं लागे. जयरामची मुलगी कावेरी एक दांडा धरायची. दुसरा धरायला पहिल्या संध्याकाळी कोणी नव्हतं. बाबा हेडमास्तर, त्यांना खेळणं शोभत नव्हतं. सुगंधा स्वयंपाकात. जयराम बाजारात. कावेरीने पडवीत डोकावून आजोबांच्या धाकट्या भावाला हाक मारली आणि धाकले, कितीतरी महिन्यांनी, माजघरातल्या चटईवर येऊन बसले.

तो खेळ त्यांनी पाहता पाहता ओळखला. ती बोट होती. डावीकडची फळी रेडी, उजवीकडची देवगड. बोट रेडीहून सुटली की देवगडने तिला धक्क्याला लावून घ्यायची आणि परत पाठवायची. चुकली तर समुद्रात गेली, माणसांसकट. धाकल्यांनी एकही बोट चुकू दिली नाही म्हणता येणार नाही, पण चुकली की ते अशा आवाजात हळहळत की माई देवघरातून विचारत, कोण गेला. टुक झालं की धाकले 'देवगड' म्हणत. पुढच्या टुकला कावेरी 'रेडी' म्हणे. आठवड्याभरात पोरगी पडाव हाकणाऱ्या तांडेलासारखी ओरडू लागली. दोघांचे गुडघे एकमेकांना लागलेले असत. धाकल्यांना खोकला आला तर ते तोंड दुसरीकडे करून खोकत, पण फळी सोडत नसत.

सुगंधा स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत असे. खेळ संपला की ओल्या फडक्याने दांडा पुसत असे, एकच.

आणि एका संध्याकाळी बोट देवगडच्या खालच्या टोकाला निघाली. धाकल्यांनी दांडा असा काही खेचला की वायर पेटीतून मुळासकट उपटून हातात आली. पेटी टेबलावरून खाली पडली. पेटीला काही झालं नाही. दांडा मेला.

कोणी रागावलं नाही. हीच त्या घराची रीत होती. जयरामने तुटलेली वायर पाहिली, सुगंधाने जयरामकडे पाहिलं. रात्री जेवणं झाल्यावर नवराबायको काहीतरी बोलली असावीत, कारण सकाळी जयराम पडवीत आला, काकांच्या समोर उकिडवा बसला, आणि म्हणाला की मुंबईत बोटीवर चढण्याआधी नवा दांडा घेऊन गावाकडे येणाऱ्या कोणाबरोबर पाठवतो. दांडे दोन तऱ्हेचे मिळतात. एक असाच, वायरीचा. दुसरा नवीन निघालाय. त्याला वायरच नाही. आत सेल घालायचा, वर एरियल उभारायची, आणि लांबून खेळायचं.

"काका, तुमीच सांगा," जयराम म्हणाला. "दांडो तुमचो. वायरीचो होयो की बिनवायरीचो?"

आजवर त्या घरात धाकल्यांना कोणी काही विचारून आणलं नव्हतं. त्यांचं धोतर बाबांच्या धोतराबरोबर यायचं, चप्पल बाबांची जुनी. ते गोंधळले. मनात पटकन आलं ते वायरीचाच. वायर आखूड, म्हणजे चटई आली. चटई आली म्हणजे माजघर आलं, कावेरी आली, कशाला हसली ते कळणं आलं. पण हे असं सांगायचं कसं. दांडा मागावा की चटई, असा प्रश्न होता, आणि विचारलं होतं फक्त दांड्याबद्दल.

"बिनवायरीचो घेतलो," ते चाचरत म्हणाले, "तर बसूचा खंय?"

"खंयय बसा," जयराम म्हणाला. "तीच तर गंमत."

सुगंधा मागे चहाचा कप घेऊन उभी होती, निळ्या फुलाचा. तिने कप काकांपुढे ठेवला आणि अगदी सहज म्हणाली की वायरीचा कोणीही आणील, बिनवायरीचा सबंध तालुक्यात कोणाकडे नाही. काकांचा मान म्हणून काही आहे की नाही. एवढं बोलून ती आत गेली. सुगंधा बोलणारी नव्हती म्हटलं ते खरं, पण बोलायची तेव्हा नेमकी जागा धरून बोलायची.

धाकल्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला आणि बाजार गाठला. बाबली न्हाव्याने 'बिनवायरीचा' ऐकल्याबरोबर वस्तरा खाली ठेवला. त्याच्या माहितीत बिनवायरीची वस्तू म्हणजे पोलीस ठाण्यातला वायरलेस. त्याला लायसन लागतं. तालुक्यात असा एक फौजदाराकडे, आणि आता दुसरा धाकल्यांकडे होणार. खुर्चीत तोंडाला फेस लावून बसलेल्या गिऱ्हाइकानेही मान वळवून धाकल्यांकडे पाहिलं. बाबांकडे असं कोणी मान वळवून पाहताना धाकल्यांनी पुष्कळ वेळा पाहिलं होतं. आपल्याकडे, फेसासकट, पहिल्यांदाच.

तरी त्यांचा जीव चटईत अडकला होता. फौजदाराशी बरोबरी एका पारड्यात आणि कावेरीचा गुडघा दुसऱ्या पारड्यात. असं दोन्हीकडे ओढायला लागलं की आमच्याकडचा माणूस एकच करतो. कौल लावतो.

रवळनाथाच्या देवळात सत्यवान गुरवाने त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. देवापुढे लग्नाचे कौल आले होते, विहिरीचे आले होते, हरवलेल्या म्हशीचे आले होते. दांड्याचा पहिलाच. पण गुरवाने चेहरा हलू दिला नाही. त्याने ओल्या कळ्या देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मग विचारलं की देवाला नेमकं काय विचारायचं.

इथे धाकल्यांना सांगता आलं असतं. चटईबद्दल विचारा, म्हणता आलं असतं. माका घरात बसूचा आसा, एवढंच. पण देवासमोर माणूस रडगाणं गात नाही. देवासमोर मानाची गोष्ट काढतो. त्यांनी घसा साफ केला, खोकला आला तो गिळला, आणि प्रश्न सांगितला.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आज जां काय ह्यां तुझां लेकरू तुझ्या पायाकडे इलां आसा, तेच्या मनात जो काय दांड्याचो गोंधळ झालो आसा, तो दूर कर. बिनवायरीचो दांडो जर तेच्या मानाचो असात, तर उजवी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," धाकले एकटेच म्हणाले. एरवी हे सबंध गाव मिळून म्हणतं. बंदरावरचा तो आवाज रिकाम्या सभामंडपात असा घुमला की वरची दोन वटवाघळं उठली.

उजवी कळी ताबडतोब पडली. इतकी ताबडतोब की गुरवालाही हात काढून घ्यायला वेळ मिळाला नाही. देवाची चूक काढता येणार नाही. देवाला मानाबद्दल विचारलं होतं, त्याने मानाबद्दल सांगितलं. घरावरचं कौल फुटलं तर पाणी कुठून येतं ते निदान दिसतं. देवाच्या कौलाचं तसं नसतं.

गणपतीला चाकरमानी गावी आले, त्यांच्या सामानातून दांडा आला. काळा, गुळगुळीत, वर लाल बटण, आणि बाजूने निघणारी एरियल, ट्रान्झिस्टरला असते तशी. पोटात चौकोनी सेल. खरोखरच कुठे वायर नव्हती. धाकल्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घेतात तसा.

गणपतीचे पाहुणे गेल्यावर त्याची स्थापना झाली. स्थापनाच म्हणायची, कारण बाबा स्वतः उठले. माजघराची खिडकी पडवीत उघडते, तिला उभे लाकडी गज आहेत. बाबांनी ती खिडकी उघडली, पडवीतली वेताची खुर्ची स्वतःच्या हाताने ओढून तिच्यासमोर आणली आणि हेडमास्तरांच्या शुद्ध भाषेत म्हणाले, "इथे बस. इथून तुला नीट दिसेल." आयुष्यभर ज्यांच्या चपला राखल्या त्या भावाने खुर्ची ओढून दिली. धाकल्यांचे डोळे भरून आले, त्यामुळे त्या संध्याकाळी त्यांना पडदा दिसलाच नाही.

नंतरही फारसा दिसायचा नाही. गजांमधून टीव्ही दिसे तो उभा चिरलेला. मध्ये माईंचं डोकं. ठिपका गजाआड गेला की कुठे निघेल याचा नेम नसे. मग धाकल्यांनी कानाने खेळायला सुरुवात केली. टुक झालं की बोट रेडीला लागली, आता येईल. बटण दाबायचं, दांडा हलवायचा, आणि दुसरं टुक आलं की हाक द्यायची, देवगड. पहिले काही दिवस कावेरी आतून 'रेडी' म्हणाली. मग सुगंधाने तिला सांगितलं असावं की ओरडून बोलू नये, शेजारी ऐकतात. कावेरीचा आवाज बंद झाला. टुकटुक तेवढी येत राहिली.

पण लोक बघायला येत. ही गोष्ट खरी की धाकल्यांच्या आयुष्यात त्या महिन्याइतका मान कधी झाला नाही. पडवीत येणारा माणूस वायर शोधायचा. खुर्चीखाली वाकायचा. धाकले एरियल पुरी बाहेर काढून दाखवत आणि म्हणत की हे फौजदाराकडे आहे त्याच जातीचं. बाबलीने तर गिऱ्हाइकं सोडून येऊन पाहिलं आणि दांड्याला हात न लावता नमस्कार केला. कोणी विचारलं, धाकल्यानू, तुमी भायर कित्याक, तर ते सांगत की बिनवायरीच्याला लांबूनच खेळावं लागतं, जवळून चालत नाही.

दिवाळीच्या सुमारास एक चमत्कार झाला. धाकले जिंकू लागले. एक बोट चुकेना. बोट वर गेली, फळी वर. बोट खाली, फळी खाली. खोकल्याची उबळ आली आणि दांडा मांडीवर पडला, तरी देवगडने बोट धक्क्याला लावून घेतली. धाकल्यांनी आधी स्वतःच्या हाताचं कौतुक केलं, मग यंत्राचं. यंत्राने आपल्याला ओळखलं आहे, असं ते बाबलीला म्हणाले. बैल कसा मालकाच्या मनातलं ओळखतो, कासरा हलायच्या आधी वळतो, तसं.

अशाच एका संध्याकाळी चहा आला. त्यांनी दांडा खुर्चीच्या हातावर ठेवला आणि दोन्ही हातांनी कप धरला. आत टुक झालं, मग दुसरं टुक झालं. पुन्हा. पुन्हा. धाकल्यांनी चहा सावकाश प्यायला. तेवढ्या वेळात त्यांची फळी अख्खा डाव जिंकून मोकळी झाली.

बैलसुद्धा मालक चहा पीत असताना नांगर धरून शेत पुरं करत नाही. त्यांनी दांडा उचलला. हलका वाटला. उलटा करून पोटाचं झाकण सरकवलं. आत सेल नव्हता.

आतून बाबांच्या ट्रान्झिस्टरवर बातम्या चालल्या होत्या, खणखणीत. चांगला ताजा सेल असावा.

धाकल्यांनी खिडकीपाशी जाऊन गजाला तोंड लावलं. पडद्यावर दोन्ही फळ्या हलत होत्या. कावेरी एका फळीचा दांडा धरून बसली होती, दुसऱ्या फळीवर कोणी नव्हतं. धाकल्यांच्या बाजूने यंत्रच खेळत होतं. पेटीला तसं एक बटण होतं, एकट्या माणसासाठी.

त्यांनी विचारलं, सेल खंय गेलो. बंदरावरच्या आवाजात नव्हे, साध्या आवाजात, आणि तो साधा आवाज घरातल्यांनी कधी ऐकला नसल्यामुळे आधी कोणाला कळलंच नाही कोण बोललं. कावेरीने मान खाली घातली. सुगंधा स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थांबली. बाबांनी बातम्यांचा आवाज थोडा कमी केला. बंद नाही केला.

उत्तर माईंनी दिलं. माई वाईट नव्हत्या. त्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा धाकले अर्ध्या चड्डीत होते, त्यांना माईंनी स्वतःच्या हाताने भात कालवून घातला होता. त्यामुळे त्यांचं बोलणं लहान मुलाशी बोलावं तसंच असे.

"तू जिंकतंस मां?" माई म्हणाल्या. "मगे सेल कित्याक होयो?"

धाकले परत खुर्चीत जाऊन बसले. आत डाव चालू राहिला आणि ते तोही जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडू माडावर चढायला आला. धोंडूचा बाप याच घरचे नारळ पाडायचा, आता धोंडू. पडवीच्या भिंतीत बाहेरच्या अंगाला एक कोनाडा आहे, त्यात धोंडूचा कप असे. कान तुटलेला. धोंडूने तो स्वतः काढायचा, खाली ठेवायचा, घरातल्या बाईने वरून चहा ओतायचा, आणि पिऊन झाला की धोंडूने स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. त्याच्या बापाच्या वेळेला वरून ओतायचं काम लहानग्या धाकल्यांकडे होतं. थेंब उडून आपल्या पायावर येऊ नये इतक्या उंचीवरून. ते काम त्यांना चांगलं जमे. त्या कपाकडे त्यांनी त्यानंतर कधी पाहिलं असेल असं नाही. भिंतीला चुना असतो तसा तो कोनाड्यात असायचा.

धोंडू माडावरून उतरला, घाम पुसत कोनाड्याशी आला, आणि थांबला. कपाशेजारी काळा दांडा ठेवलेला होता. आजवर दांडा टीव्हीवर, विणलेल्या रुमालाखाली असायचा. सकाळी झाडताना सुगंधाने तो बाहेर आणून ठेवला होता. पडवीतल्या माणसाची वस्तू पडवीत.

"धाकल्यानू, ह्या काय ओ?" धोंडूने विचारलं.

धाकले वेताच्या खुर्चीत होते. त्यांनी सांगितलं की तो दांडा आहे. मग, धोंडू अजून पाहतोय म्हणून, सवयीने पुढचंही सांगितलं. सगळ्यांसारखा नाही. एकट्याचा आहे, वेगळा. मानाचा.

सुगंधा चहा घेऊन आली आणि वरून ओतून गेली. धोंडूने एक घोट घेतला. तो थट्टा करणारा माणूस नव्हता. त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं.

"मगे माझो कपय मानाचोच म्हणूचो," तो म्हणाला. "बापाशीच्या वेळेपासून वेगळोच आसा."

धाकल्यांनी कोनाड्याकडे पाहिलं. तुटक्या कानाचा कप धोंडूच्या हातात होता आणि त्याची गोल खूण धुळीत तशीच होती, दांड्याला चिकटून. मग त्यांना मागच्या दाराच्या फळीवरचा निळ्या फुलाचा कप दिसला, कढत पाण्यात. तांब्या दिसला. चटई, पडवीतलं पान, खिडकीचे गज, बाबांनी ओढून दिलेली खुर्ची, एकापाठोपाठ एक, पालखीत देव निघावेत तसे. सगळे मान ओळीने कोनाड्यात जाऊन बसले. आणि बाबली न्हाव्याने दांड्याला हात का लावला नव्हता, तेही आता त्यांना कळलं.

धोंडूने चहा संपवला, कप विसळला आणि परत ठेवायला कोनाड्याकडे हात नेला.

"थंय नको," धाकले म्हणाले.

धोंडूचा हात थांबला. त्याला वाटलं, दांड्याला कप लागेल म्हणून म्हणत असतील. तो म्हणाला की या अंगाला ठेवतो, जागा आहे. धाकले म्हणाले की कोनाड्यातच नको. गडग्यावर ठेव. गडगा म्हणजे खळ्याच्या, घरापुढच्या अंगणाच्या, कडेची चिऱ्याची भिंत, तिच्यावर कावळे बसतात आणि पाऊस पडतो.

धोंडूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. धाकल्यांनीही त्याच्याकडे पाहिलं. त्या वेळी सांगता आलं असतं, की धोंडू, ये, बस, आपण दोघं एकाच कोनाड्यातले. पण देवळातसुद्धा जे तोंडातून निघालं नाही ते खळ्यात कुठून निघणार. धोंडू कप घेऊन खळं ओलांडून गेला आणि गडग्याच्या जवळच्या टोकाला त्याने तो ठेवला.

"हय चलात?"

"आणखी पलीकडे," धाकल्यांनी हाक दिली. ती बंदरावरची हाक होती. वाऱ्याच्या उलट दिशेने पोचणारी. घरातून बाबा, माई, सुगंधा, सगळ्यांनी ऐकली, आणि पुष्कळ दिवसांनी धाकल्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला म्हणून माईंना बरंही वाटलं.

धोंडूने कप पलीकडे नेला. तिथून तो पडवीतून दिसत नव्हता. धाकले उठले, कोनाड्यातली धुळीची गोल खूण त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसून काढली, आणि दांडा बरोबर मध्यावर ठेवला. एकटा.

संध्याकाळी त्यांनी खुर्ची खिडकीसमोर नीट लावली. दांडा काढला, एरियल पुरी बाहेर ओढली, मांडीवर घेतला. आत टीव्ही लागला. रेडीहून बोट सुटली.

"देवगड," धाकल्यांनी हाक दिली.

त्या संध्याकाळीही तेच जिंकले.